मधली फळी

माझ्या धाकट्या भावाने शिडाची होडी बांधावयास घेतली आहे, ही वार्ता मला त्याच्या तोंडून कळली नाही. ती मला माझ्या मुलीच्या वेणीवरून कळली. एका रविवारी संध्याकाळी ती घरी परतली, तेव्हा तिच्या केसांत लाकडाचा भुसा अडकला होता. मी धंद्याने सुतार आहे. घरचा भुसा कोणता आणि परका कोणता, हे मला पाहताक्षणी कळते. हा भुसा फिकट, मऊ आणि गोडसर वासाचा होता. असले लाकूड माझ्या कारखान्यात वर्षभर आले नव्हते.

"कुठे होतीस?" मी विचारले.

"काकांकडे. होडी घासत होते."

"कसली होडी?"

"म्हणजे तुम्हाला माहीतच नाही? सहा महिने झाले की, बाबा!"

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. लहानपणी ती इतकी ताठ बसत असे की मी तिचे नाव ठकी ठेवले. ठकी म्हणजे लाकडी बाहुली. तेच नाव पुढे सर्वांच्या तोंडी रुळले. ही ठकी माझ्या कारखान्यात पाऊल टाकताना नाकाला रुमाल लावते. धुळीने शिंका येतात, म्हणते. आणि तीच ठकी सहा महिने दर रविवारी काकाच्या घरी जाऊन पॉलिश पेपरने लाकूड घाशीत होती, हे ऐकून मला जे झाले त्याला पुस्तकांत मत्सर असे म्हणतात. लेखक त्यास अग्नीची उपमा देतात. माझा अनुभव निराळा आहे. मला तो लाकूड पोखरणाऱ्या किड्यासारखा वाटला. वरून काहीच दिसत नाही, कपाट जसेच्या तसे उभे असते. परंतु कान लावला तर आत कुरकुर ऐकू येते, आणि सकाळी फरशीवर पिठासारखी पूड सांडलेली आढळते.

माझ्या भावाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. तो माझ्याहून सात वर्षांनी लहान आहे आणि चष्म्याच्या दुकानात भिंगे घासण्याचे काम करतो. वडील गेले तेव्हा मी आठवीतून शाळा सोडून त्यांच्या हत्यारांना हात घातला. तो मात्र शेवटपर्यंत शिकला. त्याने लग्न केले नाही. आमची आई त्याच्याकडे राहते, कारण त्याचे घर तळमजल्यावर आहे आणि तिचे गुडघे दुखतात. निदान आम्ही विचारणाऱ्यांना तसे सांगतो. त्याची नखे सदैव स्वच्छ असतात. या माणसाने मला न विचारता लाकडाला हात घालावा, ही गोष्ट माझ्या मनास लागली. मी त्याच्या दुकानात जाऊन कधी कोणाचे डोळे तपासले आहेत काय?

पुढच्या रविवारी मी होडी पाहावयास गेलो. खरे बोलायचे तर मी होडी नव्हे, तिच्यातली खोट पाहावयास गेलो होतो.

त्याच्या घरामागे पत्र्याची एक शेड आहे. तीत दोन लाकडी घोड्यांवर होडी पालथी घातलेली होती. लांबी बारा फूट, रुंदी साडेचार. शेजारी खुर्चीवर आई बसली होती आणि मांडीवरच्या डब्यातले स्क्रू लांबीप्रमाणे निवडून वेगळे करीत होती. ठकी होडीच्या पलीकडे गुडघ्यांवर बसून फळी घाशीत होती. नाकाला रुमाल नव्हता.

मी तळहात फिरवला. फळीला फळी अशी भिडली होती की मध्ये वर्तमानपत्राचा कागदही शिरला नसता. मी खाली वाकलो, एक डोळा मिटून पाहिले. बाक दोन्ही अंगांना सारखा होता. मी काटकोन तपासायचा गुण्या मागितला, लावला, परत दिला. शेवटी मागच्या फळीवर मला हवे ते सापडले.

"स्क्रूच्या डोक्यांची ओळ वाकडी आहे," मी म्हणालो.

"अरे, चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा करवत धरली त्याने," आई म्हणाली. "तुझं पहिलं स्टूल आठवतंय ना? तीन पाय होते, आणि तिघांचं आपसात पटत नव्हतं."

ठकी होडीआड हसली. मला फक्त तिचे खांदे हलताना दिसले.

"दादा, आलास ते बरं झालं," भाऊ हात पुसत म्हणाला. "एक काम अडलंय. मधली फळी. ती मला जमेल असं वाटत नाही. तू करशील?"

मधली फळी म्हणजे काय, हे त्याने मला समजावले आणि मी पहिल्यापासून ठाऊक असल्याप्रमाणे मान हलवीत राहिलो. होडीच्या पोटात मधोमध एक लांबट अरुंद खाच असते आणि तिच्याभोवती उभी लाकडी पेटी. त्या पेटीतून एक फळी खाली पाण्यात सोडतात. ती नसली तर वारा होडीला पुढे नेण्याऐवजी आडवी ढकलतो. काठाजवळ, उथळ पाण्यात आले की फळी वर ओढून घ्यायची. त्याने मला कागद दिला. त्यावर त्याच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात सर्व मापे होती.

"खाच पंचवीस मिलिमीटर," तो म्हणाला. "फळी एकोणीसची. दोन्हीकडे तीन-तीन मोकळे. वर रंगाचे तीन हात."

"एवढी ढिली?"

"पुस्तकात तसं दिलंय."

पुस्तकात! मी कागद खिशात घातला. ज्या माणसाच्या हातून आजवर किमान हजार खण निघाले आणि त्यांतला एकही कधी खडखडला नाही, त्याला पुस्तक शिकवणार की खण कसा बसवावा! माझी अशी खात्री झाली की ही सूट कच्च्या हातांसाठी ठेवलेली असते. ज्यास रंधा नीट चालवता येत नाही, त्याने मोकळी जागा सोडावी. मी ती का सोडावी? मनातल्या मनात मी ठरवले की ही फळी अशी बसवायची की ती पाहिल्यावर उरलेली सारी होडी तिच्यापुढे खोक्यासारखी दिसावी.

माझ्या माळ्यावर, तापणाऱ्या पत्र्याखाली, एक फळी दहा वर्षे वाळत पडली होती. हाडासारखी कोरडी, अंगावर रेघा अशा की बोटाने वाचाव्यात. चांगल्या कामासाठी मी ती राखून ठेवली होती. ती खाली उतरवली आणि तीन दिवस बाकीची कामे दूर सारली. एका गिऱ्हाइकाच्या खिडक्या तशाच उघड्या राहिल्या. त्याचे फोन मी घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी ठकी स्वतःहून कारखान्यात आली. तिच्या काकाने निरोप दिला होता, तो सांगावयास आली. परंतु ती थांबली, नाकाला रुमाल न लावता थांबली, आणि माझा रंधा चालताना पाहत राहिली. रंध्यातून निघणारी साल इतकी पातळ होती की तिच्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. मला वाटले, आज हिला कळेल.

तिने काकाचे जाडी मोजायचे पितळी माप फळीला लावले.

"बाबा, जाड आहे. साडेचोवीस भरतेय. कागदावर एकोणीस लिहिलंय."

"चार दिवस घासकाम केलंस म्हणून सुतारीण झालीस?"

"मी नाही म्हणत, कागद म्हणतोय."

"मग कागदाला म्हणावं, ये आणि रंधा मार."

ती हसली नाही. "आणि रंग?"

"रंग खोट झाकायला लागतो. हिला नुसतं मेण पुरे."

ठकीने माप खिशात टाकले आणि ती निघून गेली. मी कापडाने मेण चोळीत राहिलो. फळी आरशासारखी चमकत होती आणि माझा चेहरा तीत दिसत नव्हता इतकेच.

ती पेटीत पहिल्यांदा बसवून पाहिली, तो क्षण मला आजही सुखाचा वाटतो, हे मी लपवीत नाही. फळी आपल्या वजनाने हळूहळू खाली गेली आणि आतली हवा सुस्कारा टाकल्यासारखी बाहेर आली. भाऊ वाकून पाहत राहिला.

"दादा, ही तर दागिन्यासारखी झालीय," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण घट्ट नाही ना होणार?"

"ढिली हवी असेल तर तसं सांग. कुणा शिकाऊकडून करून घे."

"तसं नाही रे. लाकूड तुझं खातं. तुला कळतं ते मला नाही कळत."

तो एवढ्यावर थांबला, आणि मी जिंकलो असे मला वाटले.

होडी पाण्यात सोडण्याचा दिवस उजाडला, तेव्हा गावाबाहेरच्या मोठ्या तळ्यावर आम्ही पाचजण होतो: भाऊ, आई, माझी बायको, ठकी आणि मी. भाड्याच्या टेम्पोतून होडी सिमेंटच्या उतारावर उतरवली. मासेमारांच्या दोन काळ्या होड्या बाजूला पालथ्या पडल्या होत्या. त्यांच्याशेजारी ही निळी होडी वरपक्षाकडच्या मंडळींसारखी दिसत होती. मी इस्त्रीची पँट घातली होती. बायको म्हणाली, "तळ्यावर जायचंय, साहेबाच्या भेटीला नाही." परंतु मला फळीचा कर्ता म्हणून उभे राहावयाचे होते.

होडीच्या पुढच्या अंगाला एक फडके बांधलेले होते. भावाने ते ठकीला सोडावयास सांगितले. खाली पांढऱ्या अक्षरांत नाव रंगवले होते: ठकी.

मुलगी किंचाळलीच. "काका! माझं नाव!"

"आता झाल्या दोन ठक्या," आई म्हणाली. "एक बोलते, एक डुलते. बोलणारीला पाण्यात सोडा आणि डुलणारीला घरी न्या, कानांना तेवढाच आराम."

सर्वजण हसले. मीही ओठ फाकवले. ते नाव मी ठेवले होते. ते मी पाळण्यापाशी उभे राहून, बाळ पहिल्यांदा ताठ बसले त्या दिवशी ठेवले होते. ते त्याने मला न विचारता उचलले आणि आपल्या लाकडावर रंगवले. आणि ते तिला इतके आवडले की ती त्याच्या गळ्यात पडली. माझ्या गळ्यात ती दहाव्या वर्षानंतर पडलेली मला आठवत नाही.

"भाऊजींनी किती मनापासून केलंय," बायको हळूच म्हणाली.

"मी काय नाकाने केलंय?" मी म्हणालो.

होडीत तिघांनाच जागा होती. भाऊ सुकाणूवर बसणार हे उघड होते. ठकी शिडाच्या दोरीवर बसणार, कारण तिने ते पुस्तकातून पाठ केले होते. तिसरी जागा माझी, असे मी गृहीत धरले आणि बुटांच्या नाड्या सोडावयास वाकलो. वर पाहतो तो आई होडीत बसलेली.

"मी आत्ता जाऊन येते," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी गुडघे असतील नसतील."

मी पुन्हा नाड्या बांधल्या.

वल्ह्यांनी त्यांनी होडी थोडी आत नेली. पाणी खोल झाले तसे भावाने मधली फळी खाली सोडली. ती लोण्यात सुरी जावी तशी उतरली. ठकी उभी राहून ओरडली, "बाबा! काय झक्कास बसली!" तो आवाज पाण्यावरून माझ्यापर्यंत आला, आणि माझ्या छातीतला किडा क्षणभर स्तब्ध झाला. मी बायकोकडे पाहिले. तिनेही ऐकले होते. मी काही बोललो नाही. मोठेपणा बोलून दाखवायचा नसतो.

शीड वर चढले, दोनदा फडफडले आणि भरले. होडी तिरपी झाली आणि चालू लागली. मी अनेक गोष्टी केल्या आहेत. दारे, पलंग, पाळणे. माझे काम जिथे ठेवावे तिथे राहते, किंबहुना तेच त्याचे भूषण होय. परंतु माझ्या भावाने केलेली वस्तू आपणहून निघून जात होती. माणसे तिच्यात बसून हसत होती. मी काठावर उभा राहून तिच्या चालण्यात काही दोष दिसतो का ते पाहत होतो, आणि मला दिसला नाही.

अर्धा तास म्हणून गेलेली मंडळी पाऊण तासाने समोरून गेली. "आई उतरायला तयार नाही!" भाऊ ओरडला. आईने राणीसारखा हात हलवला. पुन्हा गेली. पुन्हा आली. आम्ही काठावर बसून पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. एक मासेमार जाळे वाळत घालता घालता थांबला आणि त्याने बायकोला विचारले, "कुणी बांधली हो होडी?"

"माझ्या दिरांनी," ती म्हणाली.

"मधली फळी मी केली आहे," मी म्हणालो.

तो माझ्याकडे पाहून हसला. "ती तर पाण्याखाली असते," तो म्हणाला आणि जाळ्याकडे वळला.

दोन तास होऊन गेल्यावर होडी काठाकडे वळली. शीड उतरले. भाऊ वाकला. मग पुन्हा वाकला. मग ठकीही वाकली. दोघेही फळीचे डोके धरून ओढत होती हे मला दुरून स्पष्ट दिसत होते, आणि त्याच क्षणी, तेथे कोणालाही काही समजण्यापूर्वी, मला सर्व समजले.

दर पावसाळ्यात लोक मला बोलावतात. दार लागत नाही, खिडकी उघडत नाही, कपाटाचा खण निघत नाही. मी जातो, कडा तासतो आणि घरमालकाला उपदेश करतो की बाबा रे, लाकूड पाणी पिते, पिऊन फुगते, त्याला अंग हलवायला जागा ठेवावी लागते. गेली तीस वर्षे मी हेच वाक्य बोलत आलो आहे. आणि दहा वर्षे वाळलेली तहानलेली फळी, रंगाचा एक थेंबही न लावता, अर्ध्या मिलिमीटरची जागा ठेवून, मीच तळ्यात सोडली होती. दोन तास ती पोटभर पाणी प्यायली आणि पेटीत घट्ट बसली.

होडी काठापासून तीसएक हातांवर आली आणि फळीचे टोक तळाला लागून एकदम थांबली. आई पुढे झुकली. ठकीने तिला धरले. वाऱ्याने होडीची मागची बाजू फिरली आणि ती एका अंगावर कलू लागली.

मी बुटांसह पाण्यात शिरलो. पाणी कमरेपर्यंत आले, मग छातीपर्यंत. मी होडीची कड खाली दाबून तिला सरळ धरली.

"काय झालं रे?" आईने विचारले. ती घाबरली होती. ठकीचे मनगट धरलेली तिची बोटे पांढरी पडली होती.

भावाने माझ्याकडे पाहिले. त्याला कळले होते. भिंगांत केसाच्या जाडीचा फरक ओळखणारा माणूस तो. त्याला न कळणे शक्य नव्हते. तो शांतपणे म्हणाला, "काही नाही, आई. माझंच माप चुकलं. फळीचं माप देताना खाचेचं देऊन बसलो. दादाने दिलं तसं केलं, त्याचा काय दोष!"

यापूर्वी मी त्याचा अनेक गोष्टींसाठी हेवा केला होता. परंतु इतका कधीच केला नव्हता. किती सहज त्याने माझी लाज उचलून आपल्या खांद्यावर घेतली! मला तेही जमले नसते.

"कागदावर काय होतं गं?" आईने नातीला विचारले. "तू तर सगळं पाठ केलंयस."

ठकीने माझ्याकडे पाहिले. ती खोटे बोलत नाही. लहानपणी फुलदाणी फोडली तर तुकडे घेऊन स्वतः येत असे. आता तिचे ओठ एकदा मिटले आणि उघडले.

"पंचवीस," ती म्हणाली. "कागदावर पंचवीसच होतं, आजी."

ती माझ्यासाठी खोटे बोलली होती. इतके दिवस मला जे हवे होते ते हेच नव्हे काय? तिने माझी बाजू घ्यावी, काकाच्या विरुद्ध घ्यावी. ती तिने घेतली. आणि घेताना तिने नजर पाण्याकडे वळवली, जशी आपण रस्त्यात पडलेल्या दारुड्या नातेवाइकावरून वळवतो. मी गप्प राहिलो असतो तर त्या दिवसापुरता वाचलो असतो. परंतु मग पुढे आयुष्यभर तिने माझ्याकडे तशाच नजरेने पाहिले असते, हे मला छातीभर पाण्यात उभे असताना स्पष्ट दिसले.

"कागदावर एकोणीस होतं," मी म्हणालो.

ठकीने पाण्यावरची नजर उचलून माझ्याकडे पाहिले.

"ठकीने मला सांगितलं होतं. माप लावून दाखवलं होतं. मी ऐकलं नाही. रंगही मुद्दाम लावला नाही."

"का रे पण?" आईने विचारले.

या प्रश्नाला मी घरी बसून चांगले चार वाक्यांचे उत्तर लिहू शकलो असतो. तेथे मला एकच आले. "त्याची होडी चांगली झाली होती म्हणून."

आईने दीर्घ श्वास सोडला. "हात दाखवून अवलक्षण," ती म्हणाली. "एवढा मोठा झालास, पोरीचा बाप झालास, तरी त्याच्या हातातला भोवरा दिसला की तुझं आपलं तेच." मग तिने दोन्ही हात पुढे केले. "चल, आता मला घेऊन जा. भिजवलंस तर बघ."

मी तिला पाठीवर घेतले. ती मला वाटले होते त्याहून पुष्कळ हलकी होती. काठावर बायको टॉवेल घेऊन उभी होती. आईला घरून आणलेल्या खुर्चीवर बसवून मी पुन्हा पाण्यात गेलो.

भाऊ आणि ठकी तोवर होडीतून उतरली होती. रिकामी होडी पाण्यात थोडी वर उचलली गेली होती. आम्ही तिघांनी तिला एका अंगावर कलती करून उतारापर्यंत ओढत आणले. फळीचे टोक खालून दोन हात बाहेर आलेले होते. आता ती खालून ठोकून वर काढण्यावाचून उपाय नव्हता. भावाने पिशवीतून लाकडी हातोडा काढला आणि तो माझ्या हाती न देता जरा थांबला.

"मी ठोकू का?" त्याने विचारले. "तुझं काम आहे, तुला बघवणार नाही."

"दे इकडे," मी म्हणालो.

हातोडा उचलला तोच ठकी म्हणाली, "थांबा. मध्ये लाकडाचा तुकडा धरते. नाहीतर कड चेचेल."

हे तिला कोणी शिकवले, असे विचारावयाचे माझ्या जिभेवर आले होते. मी विचारले नाही. उत्तराची मला भीती वाटली.

तिने तुकडा धरला आणि मी ठोकले. पहिल्या दहा घावांत फळी हललीसुद्धा नाही. मग कुरकुरली. मग एकेक बोट वर सरकू लागली. भाऊ वरून ओढत होता. शेवटी ती निघाली तेव्हा तिच्या दोन्ही अंगांवर लांबच लांब ओरखडे पडले होते आणि मेणाची चमक पार गेली होती. मी ती सिमेंटवर आडवी ठेवली. ओली, सुजलेली, मार खाल्ल्यासारखी ती पडली होती.

"पुढच्या रविवारी," भाऊ म्हणाला. "वाळल्यावर बघू."

मी मान हलवली. क्षमा मागावी असे वाटत होते, परंतु त्याने ती मागण्यापूर्वीच दिली होती, आणि त्यामुळे माझ्यापाशी मागावयास काही उरले नव्हते. हा त्याचा जुना स्वभाव आहे.

टेम्पोवाला अद्याप आला नव्हता. मी उतारावर बसून बुटांतले पाणी ओतत होतो. ठकी होडीत शिरली आणि तिने वल्ही कड्यांत अडकवली.

"बाबा, बसा."

"फळी नाही."

"वल्ह्यांना कशाला फळी? तुम्ही बसायचे राहिलातच की."

मी बसलो. भावाने मागून ढकलले. ठकीने पाठ ताठ करून वल्ही मारली आणि काठ मागे सरला. मधल्या पेटीच्या खाचेतून तळ्याचे पाणी आत वरखाली होत होते. बाकी होडीत एक थेंबही नव्हता. मी बसल्या जागेवरून पाहण्यासारखे सर्व पाहिले: बाकाखालचे जोड, कडेची पट्टी, आतून घासलेल्या फळ्या. जिथे कोणाची नजर जाणार नाही तिथेही त्याने तितकेच घासले होते. किंवा हिने.

"कशी झालीय?" तिने विचारले.

"चांगली झालीय," मी म्हणालो. हे म्हणणे मला पाण्यातल्या कबुलीपेक्षा जड गेले. "फार चांगली झालीय. मला नसती जमली."

वल्ह्यांचा ताल जरा मंदावला. काठावर भाऊ आईशेजारी उकिडवा बसला होता आणि आई टॉवेलने त्याचे डोके पुसत होती. छातीभर पाण्यात मी दोनदा गेलो होतो, आणि डोके त्याचे पुसले जात होते. किडा आत पुन्हा कुरकुरला. तो गेला असे मी लिहिणार नाही. जे गेले नाही ते गेले असे लिहिणे मला योग्य वाटत नाही.

मी तोंड फिरवून ठकीकडे पाहिले. "ती फळी मी पुन्हा तासेन," मी म्हणालो. "तू कारखान्यात ये. माप तू सांग. मी हुज्जत घालणार नाही."

"येते. पण रंग कोणता लावायचा ते काकांना विचारून हं."

एक वल्हे पाण्यात गेले, वर आले, त्यावरून पाणी निथळले.

"काकांना विचारून," मी म्हणालो.